खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (जानेवारी १५, इ.स. १९२६ - ऑगस्ट १४, इ.स. १९८४) हे मराठी कुस्तीगीर होते. इ.स. १९५२ साली हेलसिंकी येथे झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत त्यांनी फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट (५७ किलो) गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. मातीत घडलेल्या या मल्लाला हे पदक गादीवर, परक्या नियमांनी लढून मिळवावे लागले.

बालपण आणि तालीम

खाशाबांचा जन्म सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब हे स्वतः नावाजलेले पैलवान होते. पाच भावांत खाशाबा धाकटे. कराडच्या टिळक हायस्कुलात शालेय शिक्षण झाल्यावर ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. तेथे बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांनी त्यांना घडवले. अंगकाठी लहान, पण चपळाई विलक्षण असल्याने ते वजनाने भारी मल्लांनाही आटोपत. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत धरून त्याला उलथवून टाकणारा ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता.

माती आणि गादी

खाशाबांची कारकीर्द समजण्यासाठी दोन्ही प्रकारच्या कुस्तीतील फरक लक्षात घ्यावा लागतो. जत्रेतील आखाड्यात कुस्ती निकाली होते, म्हणजे एकाची पाठ मातीला लागली की दुसरा जिंकला. तेथे गुणांचा हिशेब नसतो आणि पूर्वी घड्याळाचेही बंधन फारसे नसे. त्यामुळे दमसास असलेला मल्ल प्रतिस्पर्ध्याला थकवून मग डाव टाकू शकतो. ऑलिंपिकमधील कुस्ती गादीवर आणि ठरावीक वेळेत होते. दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला टेकवले तर लढत तेथेच संपते. तसे न झाल्यास त्या काळी कोणाचे वर्चस्व होते यावर पंच निकाल देत. तेथेही दोन प्रकार आहेत. ग्रीको-रोमन प्रकारात कमरेखाली पकड करता येत नाही आणि डावात पायांचा उपयोग करता येत नाही. फ्रीस्टाइलमध्ये दोन्हींना मुभा असते. म्हणूनच पट काढणे, टांग लावणे यांवर पोसलेल्या भारतीय मल्लांना फ्रीस्टाइल जवळची वाटते. मात्र मातीत पाय रुततो आणि गादीवर तो उसळतो, त्यामुळे तोल सांभाळण्याची सवयच बदलावी लागते.

लंडन, १९४८

कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलल्यामुळे खाशाबा लंडन ऑलिंपिकला जाऊ शकले. फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. गादीचा सराव जवळजवळ नसताना मिळालेले हे यश लहान नव्हते. तेथे त्यांना रीस गार्डनर या माजी अमेरिकन कुस्तीगिराचे मार्गदर्शन लाभले. परतल्यावर त्यांनी वरच्या वजनगटाची तयारी सुरू केली.

हेलसिंकी, १९५२

हेलसिंकीसाठीची निवड सरळ झाली नाही. निवडीत आपल्यावर अन्याय झाला अशी तक्रार घेऊन खाशाबा पतियाळाच्या महाराजांकडे गेले. पुन्हा चाचणी घेण्यात आली, तीत त्यांनी निरंजन दास यांना हरवले, असे सांगितले जाते. निवड झाल्यावर प्रवासखर्चाचा प्रश्न उभा राहिला. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

त्या वेळी स्पर्धेत उणे गुणांची पद्धत होती. चीतपट विजयाला उणे गुण नसे, पंचांच्या निर्णयाने मिळालेल्या विजयाला एक आणि पराभवाला साधारणतः तीन उणे गुण पडत. पाच उणे गुण झाले की मल्ल बाद होई. त्यामुळे एका पराभवाने सारे संपत नसे, पण विजय कसा मिळवला यालाही किंमत होती. चीतपटीसाठीच लढण्याची सवय असलेल्या आखाड्यातील मल्लाला ही पद्धत एका अर्थी सोयीचीच म्हणावी लागेल.

खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. अखेरीस जपानचा शोहाची इशी, सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव्ह आणि खाशाबा असे तिघे उरले. या दोघांकडूनही खाशाबा हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. इशीशी झालेल्या दमवणाऱ्या लढतीनंतर त्यांना लगेच पुढच्या लढतीस उभे केले गेले, असे सांगतात. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमाने मिळायला हवी होती. परंतु तो नियम दाखवून हरकत घेणारा भारतीय अधिकारी त्या वेळी जवळ नव्हता. त्याच स्पर्धेत फेदरवेट गटात के. डी. माणगावे हे चौथे आले. त्यांचे नाव आज फारसे घेतले जात नाही.

परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने खाशाबांचे स्वागत झाले. त्यानंतर त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या लढवून पैसे जमवले आणि प्राचार्य खर्डेकरांचे घर सोडवून दिले.

उत्तरायुष्य

इ.स. १९५५ साली खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे इ.स. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला त्यांना जाता आले नाही. पोलीस दलातून ते सहायक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले. इ.स. १९८४ साली रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पदकानंतर पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक भारताला ४४ वर्षांनी, इ.स. १९९६ साली, टेनिसपटू लिअँडर पेस याच्या रूपाने मिळाले. खाशाबांना हयातीत अर्जुन पुरस्कार मिळाला नाही; तो मरणोत्तर देण्यात आला. इ.स. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीत उभारलेल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव दिले आहे.