तायझो कावामोतो : जपानचा पहिला ऑलिंपिक गोल करणारा खेळाडू

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, आपल्या मुलांना मेस्सी, रोनाल्डो तोंडपाठ असतात. आज मात्र अशा एका फुटबॉलपटूची ओळख करून घेऊ, ज्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नाही. जपानमध्ये त्यांचं नाव आदराने घेतलं जातं. पाठ सांगताना शक्यतो जगाचा नकाशा भिंतीवर लावून ठेवा, कारण या माणसाचं आयुष्य नकाशाशिवाय नीट कळत नाही.

तायझो कावामोतो यांचा जन्म १७ जानेवारी १९१४ रोजी जपानच्या आइची प्रांतात झाला. पुढे ते टोकियोच्या वासेदा विद्यापीठात शिकायला गेले. त्या काळी जपानमध्ये फुटबॉल खेळून पैसे मिळत नसत. विद्यापीठातली मुलं अभ्यास सांभाळून खेळायची आणि त्यांच्यातूनच देशाचा संघ निवडला जायचा. कावामोतो पुढच्या फळीत मध्यभागी खेळत, म्हणजे गोल करण्याची मुख्य जबाबदारी त्यांच्यावर. १९३४ साली फिलिपाइन्समधल्या मनिला शहरात अतिपूर्वेकडील देशांची स्पर्धा झाली. तिथे वयाच्या २० व्या वर्षी ते देशाकडून पहिल्यांदा खेळले.

दोन वर्षांनी, १९३६ ला, बर्लिन ऑलिंपिक आलं. जपानचा फुटबॉल संघ ऑलिंपिकला पहिल्यांदाच चालला होता. विमानप्रवासाचे ते दिवस नव्हते. खेळाडू सायबेरियातून जाणाऱ्या रेल्वेने दिवसच्या दिवस प्रवास करून जर्मनीला पोहोचले. संघात बहुतेक वासेदाचेच विद्यार्थी होते. किम योंग-सिक नावाचा एक कोरियन खेळाडूही होता, कारण कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. (पुढे हेच किम कोरियन फुटबॉलचे मोठे मार्गदर्शक झाले.)

बर्लिनला गेल्यावर तिथल्या क्लबांशी सराव सामने झाले आणि ते जपान हरला. तेव्हा लक्षात आलं की युरोपातले संघ मागे दोन नाही, तीन बचावपटू ठेवतात. जपानी संघाने ती पद्धत काही दिवसांत तिथल्या तिथे शिकून घेतली! स्पर्धा तोंडावर असताना सवयीची पद्धत सोडायची म्हणजे किती धाडस लागलं असेल, याचा विचार करून बघा.

४ ऑगस्ट १९३६. समोर स्वीडनचा बलाढ्य संघ. मध्यंतरापर्यंत स्वीडन २-० ने पुढे होता. जपान जिंकेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मध्यंतरानंतर लगेच, ४९ व्या मिनिटाला कावामोतो यांनी गोल केला. ऑलिंपिक फुटबॉलमधला जपानचा हा पहिला गोल. मग तोकुतारो उकोन यांनी बरोबरी साधली. सामना संपायला पाच मिनिटं उरली असताना अकिरा मात्सुनागा यांनी तिसरा गोल केला आणि जपान ३-२ ने जिंकला. स्वीडनच्या रेडिओवरचा निवेदक तर जपान्यांचं नाव पुन्हा पुन्हा घेत राहिला. तीनच दिवसांनी इटलीने जपानला ८-० असं धुऊन काढलं, तेही सांगायला हवं. त्या वर्षीचं सुवर्णपदक इटलीनेच नेलं. पण बर्लिनचा चमत्कार म्हणून जपान आजही स्वीडनचा सामनाच आठवतो.

पुढचं ऑलिंपिक १९४० साली खुद्द टोकियोत ठरलं होतं. कावामोतो तेव्हा २६ वर्षांचे असते, म्हणजे ऐन उमेदीत. पण जपानचं चीनशी युद्ध पेटलं आणि १९३८ मध्येच टोकियोने यजमानपद सोडलं. मग दुसरं महायुद्ध आलं. मात्सुनागा ग्वादालकॅनाल बेटावर मारले गेले, उकोन बोगनव्हिल बेटावर. त्या दिवशी गोल करणाऱ्या तिघांपैकी एकटे कावामोतो उरले. तेही सुखरूप घरी आले नाहीत. १९४५ मध्ये जपान हरल्यावर लाखो जपानी लोकांना सोव्हिएत सैन्याने सायबेरियात कैदेत नेलं, त्यात कावामोतो होते. बर्लिन संघाचे कर्णधार तेइझो ताकेउची यांचा तर त्या कैदेतच मृत्यू झाला. ज्या सायबेरियातून ही पोरं हसतखेळत ऑलिंपिकला गेली होती, तोच हा सायबेरिया. नकाशावर बोट ठेवून हे दाखवाल तेव्हा वर्गात वेगळं काही बोलावं लागणार नाही.

कावामोतो १९४९ साली मायदेशी परतले. वय ३५. खेळाडूच्या हिशेबाने संपल्यातच जमा. पण हे गृहस्थ पुन्हा बूट घालून मैदानात उतरले! १९५४ मध्ये आशियाई स्पर्धेसाठी त्यांची राष्ट्रीय संघात निवड झाली, तेव्हा त्यांना ४० वर्षं पूर्ण झाली होती. स्पर्धा होती मनिलात, जिथे २० वर्षांपूर्वी त्यांनी सुरुवात केली होती. जपानच्या गटात इंडोनेशिया आणि आपला भारत होता. जपान दोन्ही सामने हरला, भारताकडून ३-२ असा. जपानच्या राष्ट्रीय संघाकडून खेळलेला सर्वांत वयस्क खेळाडू म्हणून त्यांची नोंद आहे.

नंतर ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. तिथे मात्र यश आलं नाही. १९५८ ची आशियाई स्पर्धा टोकियोत, घरच्या मैदानावर होती आणि जपान फिलिपाइन्स व हाँगकाँग दोघांकडूनही हरला.

दहा वर्षांनी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जपानने कांस्यपदक मिळवलं. स्पर्धेत सर्वाधिक ७ गोल करणारे कुनिशिगे कामामोतो हेही वासेदाचेच आणि पुढच्या फळीतलेच. कावामोतो यांना तो दिवस बघायला मिळाला. २० सप्टेंबर १९८५ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. खेळाडूंना पगार देणारी जपानची व्यावसायिक लीग सुरू झाली ती १९९३ मध्ये.