डॉ. वॉल्डेमार हाफकिन : एक चरित्रस्मरण

स्मरणिकेच्या पानांतून आपण दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र वाचीत आलो आहोत. यंदा आम्ही ज्यांचे चरित्र सादर करीत आहो ते ना आपल्या ज्ञातीचे, ना आपल्या देशाचे. तथापि त्यांनी सिद्ध केलेल्या लशीने मुंबई इलाख्यातील असंख्य घरांचे दिवे विझता विझता वाचले.

वॉल्डेमार हाफकिन यांचा जन्म 1860 साली काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात त्यांना मेचनिकॉफ यांच्यासारखे गुरू लाभले. रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, हा शोध लावणारे ते हेच मेचनिकॉफ. पुढे हाफकिन पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत आले. जागा मिळाली ती साहाय्यक ग्रंथपालाची! परंतु पुस्तके सांभाळून उरलेल्या वेळात त्यांनी पटकीवर लस तयार केली आणि 18 जुलै 1892 रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.

पटकीचे माहेरघर हिंदुस्थान, म्हणून 1893 साली ते कलकत्त्यास आले. 1894 मध्ये तेथील एका बस्तीत पटकी उद्भवली. सुमारे दोनशे वस्तीपैकी 116 जणांनी लस घेतली. त्यानंतर बस्तीत जे आजारी पडले ते सर्व लस न घेतलेल्यांपैकी होते.

येथे लस म्हणजे काय हे थोडे सांगितले पाहिजे. रोगाचे जंतू मारून किंवा दुर्बल करून शरीरात घातले, की रोग होत नाही, पण शरीराला त्या जंतूंची ओळख पटते. गावात चोर शिरण्यापूर्वीच पहारेकऱ्याला त्याचा चेहरा दाखवून ठेवावा, तसाच हा प्रकार. पुढे खरा चोर आला की पहारेकरी गोंधळत नाही.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय वैद्यांनी प्लेग ओळखला. हाफकिन यांना तातडीने मुंबईस बोलावण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली, एक कारकून व तीन शिपाई, एवढ्या सामग्रीवर त्यांनी काम आरंभिले. मांसरसाने भरलेल्या चंबूत वर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की प्लेगचे जंतू त्यांना धरून खाली लोंबत वाढतात, ही त्यांची युक्ती. मग त्या जंतूंना उष्णता देऊन मारावयाचे. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ही लसही आधी आपल्याच शरीरात टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या, पण ते कामावर उभे राहिले.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे बंदी स्वखुशीने पुढे आले त्यांना लस टोचण्यात आली. न टोचलेल्यांत पुढे बारा जण आजारी पडून सहा दगावले. टोचलेल्यांत दोघे आजारी पडले, दगावले कोणीच नाही.

परंतु लोकांचा विश्वास आकड्यांनी बसत नाही. ते दिवस आठवावेत. 10 मार्च 1897 रोजी रुग्णसेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. पुण्यात घराघरांत सोल्जर शिरत होते आणि जूनमध्ये रँडचा खून झाला. सरकारची सुई कोण घेणार? अशा वेळी इस्माइली खोजा समाजाचे तरुण प्रमुख सर सुलतान महंमद शहा आगाखान यांनी चारचौघांदेखत स्वतः लस टोचून घेतली, आपली खुश्रू लॉज ही वास्तू हाफकिन यांना कामासाठी दिली, आणि मग त्यांचे अनुयायी पुढे आले. ज्ञातिसंस्थेने काय करावे असे कोणी विचारल्यास आम्ही हेच उदाहरण देऊ.

1898 मध्ये बडोद्याजवळील उंधेरा गावी हाफकिन यांनी प्लेग शिरलेल्या घरांतून प्रत्येक घरातील निम्म्या माणसांना लस टोचली. तेच घर, तेच अन्न, तोच प्लेग. न टोचलेल्या 64 जणांपैकी 26 मेले. टोचलेल्या 71 पैकी तीन. एकाच चुलीभोवती बसणाऱ्या माणसांचा हा हिशेब वाचताना आमच्या अंगावर आजही काटा येतो.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. गाठीचा प्लेग उंदरांवरील पिसवांनी पसरतो. 1898 साली सिमाँ यांनी ते दाखवून दिले. म्हणून प्लेगची लस प्रामुख्याने घेणाऱ्यालाच तारते. देवी, गोवर असे रोग मात्र माणसाकडून माणसाकडे जातात. तेथे लस घेतलेला प्रत्येक मनुष्य साखळीतील एक निखळलेली कडी होतो, आणि ज्याला लस देता येत नाही असे तान्हे मूल किंवा दुर्बल रुग्ण शेजाऱ्यांच्या आडोशाने वाचते. गोवर फार वेगाने पसरणारा, म्हणून शंभरात सुमारे पंच्याण्णव जण सुरक्षित असावे लागतात. चार घरांनी टाळाटाळ केली तरी भिंतीला खिंडार पडते. 1995 नंतर पोलिओच्या मोहिमेत आम्हा शिक्षकांची बूथवर नेमणूक होत असे. बालकांच्या करंगळीवर शाईची खूण करताना, न आलेल्या घरांची यादीच आम्हांस अधिक छळीत असे. 2014 साली भारत पोलिओमुक्त ठरला.

हाफकिन यांच्यावर पुढे मोठा आघात झाला. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी 107 जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने मरण पावले. दोष प्रयोगशाळेतच झाला असे ठरवून हाफकिन यांना दूर करण्यात आले. लशीत कार्बॉलिक न घालता केवळ उष्णतेवर विसंबल्याचा ठपका आला. वस्तुतः बाटली उघडताना तेथील साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. मृत एकोणीस जणांचे दुःख खरेच. पण त्या भयाने पंजाबातील लसीकरण मंदावले आणि प्लेग मात्र थांबला नाही. हिंदुस्थानात त्या साथीने पुढील काळात एक कोटीहून अधिक बळी घेतले.

लंडनला परतलेले हाफकिन वर्षानुवर्षे न्याय मागत राहिले. 1907 च्या जुलैत रोनाल्ड रॉस व इतर नऊ शास्त्रज्ञांनी त्यांच्या बाजूने लंडन टाइम्समध्ये पत्र छापले, आणि वर्ष संपण्यापूर्वी ते दोषमुक्त झाले. त्यांना पुन्हा बोलावणे आले, पण कलकत्त्यास. परळची स्वतः उभारलेली प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. आमच्या मते ती भरपाई अपुरीच होती. 1914 साली ते निवृत्त झाले.

ते अविवाहित राहिले. उत्तरायुष्य युरोपात काढून 26 ऑक्टोबर 1930 रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. मिळकत त्यांनी धर्मशिक्षणाच्या ज्यू पाठशाळांसाठी ठेविली. त्यापूर्वीच, 1925 साली, परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधील त्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले होते. ती हाफकिन संस्था आचार्य दोंदे मार्गावर आहे. परळच्या इस्पितळांत आपल्या माणसांना भेटावयास जाणारे कित्येक सभासद तिच्या फाटकावरूनच जातात.