जॉर्ज म्युलर यांची सकाळ

आजचं वाचन : मत्तय ६:५-१५, स्तोत्र ८१



मत्तयच्या सहाव्या अध्यायात प्रभू प्रार्थनेबद्दल बोलतो तेव्हा आधी खोलीचं दार लावून घ्यायला सांगतो, काय मागायचं ते नंतर. आणि तो जो नमुना देतो त्यातही भाकर सुरुवातीला येत नाही. पित्याचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा, एवढं सगळं झाल्यावर भाकर. हा क्रम असाच का, हे एका माणसाच्या आयुष्यात फार स्पष्ट दिसतं. ते म्हणजे इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर. त्यांचं नाव काढलं की अनाथाश्रमाच्या दारात मोडलेल्या दुधाच्या गाडीची गोष्ट हमखास निघते. ती तुम्ही संडेस्कूलमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कितीदा तरी ऐकली असेल, म्हणून आज ती नाही सांगत.

जॉर्जचा जन्म २७ सप्टेंबर १८०५ चा, प्रशियातल्या एका लहान गावातला. वडील सरकारी कर वसूल करायचे. घरात सरकारचा पैसा असायचा आणि हा मुलगा दहा वर्षांचाही नव्हता तेव्हापासून त्यातला चोरायचा. सोळाव्या वर्षी हॉटेलांची बिलं बुडवली म्हणून तुरुंगातही जाऊन आला. पुढे वडिलांनी त्याला हाले विद्यापीठात धर्मशास्त्र शिकायला घातलं. त्यात भक्तीचा भाग कमी. पोराला पाळकाची नोकरी लागेल आणि म्हातारपणी आपल्यालाही आसरा होईल, हा हिशोब जास्त. जॉर्जजवळ तीनशेच्या वर पुस्तकं होती. बायबल एकही नव्हतं! होणारा पाळक, आणि वर्षानुवर्षं वचन उघडून वाचलेलं नाही.

नोव्हेंबर १८२५ मध्ये एक मित्र त्याला शनिवारी संध्याकाळी एका घरच्या प्रार्थनासभेला घेऊन गेला. तिथे एक जण गुडघे टेकून प्रार्थना करू लागला. जॉर्जने आयुष्यात कुणाला गुडघ्यावर प्रार्थना करताना पाहिलं नव्हतं, स्वतः कधी केलीही नव्हती. घरी जाताना त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती : मी या माणसापेक्षा कितीतरी जास्त शिकलोय, पण मला असं बोलता येत नाही. तिथून त्याचं आयुष्य बदललं.

इंग्लंडला येणं (१८२९), लग्न, पाळकाचा ठरलेला पगार सोडणं, १८३२ मध्ये ब्रिस्टलला जाणं, हे सगळं मी भरभर सांगून पुढे जाते. एक गोष्ट मात्र सोडवत नाही. १८३५ च्या जून महिन्यात म्युलर पतिपत्नींचं तान्हं लेकरू, एलिया, गेलं. जेमतेम पंधरा महिन्यांचं होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्तोत्र ८१ वाचताना म्युलर दहाव्या वचनावर थांबले. आज आपणही तेच वाचतोय. तोंड मोठं उघडून मागायला सांगणारं वचन. अनाथ मुलांसाठी घर काढायचा विचार मनात होताच. त्या दिवशी त्यांनी देवाकडे १००० पौंड, एक इमारत आणि योग्य माणसं मागितली. सुरुवातीला हातात आलं काय? एक शिलिंग. हजार पौंड पुरे व्हायला जून १८३७ उजाडला.

या कामामागे मुलांची कणव होतीच. पण त्याहून मोठं कारण वेगळं होतं, आणि ते आपल्यासारख्यांच्या जवळचं आहे. म्युलर मंडळीतल्या लोकांना घरी भेटायला जायचे. त्यांच्यात एक जण रोज चौदा-सोळा तास राबायचा. शरीर थकलेलं, मन कोरडं पडलेलं, प्रार्थनेला वेळ नाही. काम कमी करा म्हटलं तर, मग घर कसं चालणार, हा प्रश्न. लोकल, ऑफिस, पुन्हा लोकल करणाऱ्यांना हा माणूस वेगळा ओळखून द्यायला नको. अशांना नुसता उपदेश करून काय उपयोग? देव आजही ऐकतो हे डोळ्यांना दिसेल असं काहीतरी उभं राहावं, आणि तेही कुणा माणसाकडे हात न पसरता, असं म्युलरना वाटलं.

आता गंमत पाहा. ३ फेब्रुवारी १८३६ हा मुलांचे अर्ज घ्यायचा दिवस ठरला. म्युलर दोन तास वाट पाहत बसले. एकही अर्ज आला नाही. पैसा, घर, माणसं, सामान, सगळ्यासाठी प्रार्थना झाली होती, फक्त मुलांसाठी झाली नव्हती! मुलं काय, येतीलच, असं धरून चाललं होतं. त्या संध्याकाळी ते देवासमोर बसले आणि हे सगळं काम देवाला नको असेल तर तेही चालेल, इथपर्यंत त्यांनी मनाला आणलं. दुसऱ्याच दिवशी पहिला अर्ज आला. एप्रिलमध्ये विल्सन स्ट्रीटवर मुलींचं घर सुरू झालं.

पुढची काही वर्षं फार ओढगस्तीची गेली. सप्टेंबर १८३८ मध्ये एकदा पैसे अगदी संपले. दुपारी एक बाई तीन पौंडांच्या वर रक्कम घेऊन आल्या. लंडनहून कुणीतरी ती त्यांच्याबरोबर पाठवली होती, आणि त्या चार-पाच दिवसांपासून मुलांच्या घराच्या अगदी शेजारीच उतरल्या होत्या. म्हणजे प्रार्थना चालली होती ते सगळे दिवस उत्तर भिंतीपलीकडे होतं. आपण असतो तर चिडलो असतो. म्युलरनी त्यातून असं घेतलं की देवाला द्यायचं होतंच, पण आपण मागत राहावं हेही त्याला हवं होतं.

काही जण म्हणतात की माणसांकडे मागत नव्हते तरी दरवर्षी अहवाल छापायचेच, ती जाहिरातच झाली. प्रश्न रास्त आहे. पण डिसेंबर १८४१ मध्ये टंचाई इतकी होती की अहवाल काढला तर लोकांना तो मदतीचा इशारा वाटेल, म्हणून म्युलरनी तो आणि त्याची सभा दोन्ही पुढे ढकलली. त्यानंतरचे चार महिने फार कठीण गेले. आणखी एकदा एका देणगीदाराने, सध्या काही गरज आहे का, असं सरळ पत्राने विचारलं. हातात साडेसत्तावीस पेन्स होते. म्युलरनी उत्तर पाठवलं की शिल्लक किती हे मी सांगू शकत नाही. मग खोलीत जाऊन देवालाच सांगितलं की या माणसाला तूच सांग. त्या माणसाने १०० पौंड पाठवले. ते पोचले तेव्हा जवळ एक पेनीसुद्धा उरली नव्हती.

आणि आता ज्यासाठी आज त्यांची आठवण काढली ते. याच सगळ्या धकाधकीत, १८४१ मध्ये, म्युलरना प्रार्थनेबद्दल एक साधी गोष्ट उमगली. त्याआधी दहा वर्षं त्यांची पद्धत अशी की सकाळी कपडे केले की थेट प्रार्थनेला बसायचं. आणि पहिली पंधरा मिनिटं, कधी अर्धा तास, मन भटकण्यातच जायचा. ज्याच्या प्रार्थनांची उत्तरं सगळं ब्रिस्टल पाहत होतं त्याचीही ही गत! मग त्यांनी क्रम बदलला. सकाळचं पहिलं काम ठरवलं ते मागणं नाही, कामाची यादीही नाही. आपला आत्मा देवामध्ये आनंदित होणं. त्यासाठी आधी वचन. मोठ्या टायपाचा नवा करार हातात घेऊन ते न्याहारीआधी शेतांकडे फिरायला जायचे आणि एकेका वचनावर मनन करायचे. संदेशासाठी मुद्दे शोधायचे नाहीत, स्वतःच्या जिवासाठी खायचं. थोड्याच वेळात वाचलेल्यातूनच पापकबुली निघे, कुठे उपकारस्तुती, कुठे दुसऱ्यासाठी मध्यस्थी. प्रार्थना सुरू केली असं न होता ती आपोआप सुरू झालेली असे. मन भटकायला जागाच उरत नव्हती, कारण देव आधी बोललेला असायचा आणि यांना फक्त उत्तर द्यायचं असायचं.

म्हणून मला वाटतं, चौदा तास राबणाऱ्या त्या माणसाला हवी होती ती आणखी एक ड्युटी नव्हे, असं जेवण होतं.

पुढे अ‍ॅशली डाऊनवर १८४९ मध्ये पहिलं मोठं घर झालं आणि १८७० पर्यंत पाच, एका वेळी २०५० मुलं राहतील एवढी. म्युलरांच्या हयातीत १०,०००हून जास्त मुलं तिथे वाढली. पण सगळ्या मागण्या अशा पुऱ्या झाल्या असं समजू नका. १८४४ मध्ये त्यांनी पाच जणांच्या तारणासाठी रोज प्रार्थना सुरू केली. पहिला दीड वर्षाने प्रभूकडे आला, दुसरा त्यानंतर पाच वर्षांनी, तिसरा आणखी सहा वर्षांनी. उरलेल्या दोघांची नावं छत्तीस वर्षांनंतरही रोजच्या प्रार्थनेत होती. प्रवासात, आजारपणात, एक दिवस चुकला नाही. फेब्रुवारी १८७० मध्ये पत्नी मेरी गेल्या, जवळजवळ चाळीस वर्षांचा संसार. बऱ्या व्हाव्यात म्हणून प्रार्थना केलीच होती. दफनाच्या वेळी संदेश म्युलरांनीच दिला. वीस वर्षांनी, भारतात संदेश देत फिरत असताना, एकुलती एक मुलगी लिडिया गेल्याची बातमी त्यांना जबलपूरला पत्राने कळली.

आपल्याकडे त्यांचं चरित्र पंडिता रमाबाईंनी वाचलं होतं. केडगावला देवावर भिस्त ठेवून मुलींचा संसार मांडण्यामागे त्या वाचनाचाही हात होता.

९ मार्च १८९८, बुधवार. वय ब्याण्णव. संध्याकाळी म्युलरनी तिसऱ्या घरात नेहमीची प्रार्थनासभा चालवली आणि झोपायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास चहा घेऊन माणूस वर गेला, तेव्हा ते पलंगाशेजारी जमिनीवर होते. जीव गेलेला होता.

उद्याचं वाचन : मत्तय ६:१६-२४