हिशेबनीसाची धातूची विमाने

दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या धातूच्या छोट्या प्रतिकृती जमविणाऱ्यांमध्ये ‘डिंकी टॉईज’ हे नाव मानाने घेतले जाते. या खेळण्यांचे जनक फ्रँक हॉर्नबी मात्र ना अभियंता होते, ना ओतकामातील कारागीर. त्यांची निम्मी हयात जमाखर्चाच्या वह्यांत गेली.

१५ मे १८६३ रोजी लिव्हरपूल येथे जन्मलेल्या हॉर्नबी यांनी सोळाव्या वर्षी शाळा सोडली व वडिलांच्या पेढीवर ते रोखपाल झाले. वडिलांच्या निधनानंतर पेढी बंद पडली आणि मांसाची आयात करणाऱ्या डेव्हिड एलियट यांच्याकडे त्यांनी हिशेबनिसाची नोकरी धरली. मुलांसाठी ते घरी पत्र्याचे पूल, याऱ्या बनवीत. प्रत्येक खेळण्यासाठी नवे भाग कापण्याचा त्यांना कंटाळा आला, आणि त्या कंटाळ्यातूनच कल्पना सुचली : ठरावीक अंतरावर छिद्रे पाडलेल्या पट्ट्या घ्याव्यात, त्या नट-बोल्टने जोडाव्यात, आणि त्याच पट्ट्यांतून आज पूल तर उद्या यारी उभी करावी. १९०१ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. त्यासाठी लागणारे पाच पौंडही जवळ नव्हते. ते एलियट यांनी उसने दिले. नोकराच्या अशा ‘उद्योगां’ना पैसे देणारा मालक विरळाच! पुढे एलियट भागीदार झाले. १९०७ मध्ये ‘मेकॅनो’ हे नाव नोंदविले गेले आणि पुढच्याच वर्षी कंपनी स्थापन झाली.

१९२० मध्ये हॉर्नबी रेल्वे आली. तिच्या जोडीला म्हणून निघालेल्या छोट्या मोटारींना १९३४ मध्ये ‘डिंकी टॉईज’ हे नाव मिळाले. पहिली विमानेही त्याच वर्षीची. पण ती प्रवासी व हौशी उड्डाणाची, युद्धाची नव्हेत. १९३१ ते १९३५ या काळात हॉर्नबी एव्हर्टनचे खासदारही होते. कीर्ती मात्र त्यांना खेळण्यांनीच दिली.

५ मार्च १९३६ रोजी खऱ्या स्पिटफायरने पहिले उड्डाण केले. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला हॉर्नबी निवर्तले. त्यांच्या कारखान्यात ओतलेले पहिले स्पिटफायर बाजारात आले ते १९४० मध्ये, ब्रिटनवर बॉम्ब पडत असताना. खऱ्या विमानांसाठी जमविल्या जाणाऱ्या निधीकरिताही त्याची विक्री झाली. पुढे कारखाना युद्धसामग्रीकडे वळला आणि खेळणी थांबली.

युद्धपूर्व प्रतिकृती आज धडधाकट मिळणे कठीण. जस्ताच्या मिश्रधातूत किंचित शिसे मिसळले गेले, तरी कालांतराने तो आतून तडकतो, फुगतो. पंख वाकतात आणि काचेच्या कपाटात जपलेले विमानही भुगा होऊन पडते. दुरुस्तीचा इलाज नाही. त्यामुळे जाणकार खरेदीपूर्वी रंगापेक्षा पंखांच्या मुळाशी बारीक भेग आहे का, हे आधी पाहतात. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरील कारखाना १९७९ मध्ये बंद पडला.