फास्टर फेणेचे जनक

मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना ज्या काटकुळ्या, सायकलस्वार मुलाने वेड लावले, तो मुलगा प्रत्यक्षात कधी जन्मालाच आला नव्हता. त्याला जन्म दिला तो भास्कर रामचंद्र भागवत ह्यांच्या लेखणीने. भागवतांचा जन्म ३१ मे १९१० रोजी इंदूर येथे झाला. इंदूर ही होळकरांची राजधानी. चहूकडे हिंदी बोलणारा माळव्याचा मुलूख असूनही तेथील मराठी घराण्यांनी आपली भाषा जिवापाड जपली होती.

तारुण्यात भागवतांना आकाशवाणीत नोकरी मिळाली होती. त्या काळी अशी नोकरी म्हणजे जन्माची ददात मिटली असे लोक समजत. परंतु १९४२ साली 'चले जाव' आंदोलनाचा वणवा देशभर पेटला, तेव्हा भागवतांनी त्या नोकरीवर पाणी सोडले, आंदोलनात उडी घेतली आणि कारावासही पत्करला. पुढे ज्या लेखकाने मुलांना साहसाच्या कथा सांगितल्या, त्याने साहस म्हणजे काय हे आधी स्वतःच्या अंगावर घेऊन पाहिले होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

देश स्वतंत्र झाल्यावर भागवतांनी सर्व लक्ष मुलांकडे वळविले. १९५१ साली त्यांनी 'बालमित्र' नावाचे मासिक सुरू केले. मुलांचे मासिक चालविणे हा फार बिकट उद्योग! वाचणाऱ्यांच्या खिशात पैसा नसतो आणि ज्यांच्या खिशात तो असतो, त्यांना मुलांच्या मासिकाची मातब्बरी वाटत नाही. काही वर्षांनी 'बालमित्र' बंद पडले. तरीही भागवत खचले नाहीत. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत ह्याही नामवंत बालसाहित्यिक होत्या. दोघांनी मिळून जन्मभर मुलांसाठीच लेखणी झिजविली.

फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न ह्यांच्या अद्भुत कथा भागवतांनी मराठीत आणल्या. चंद्राकडे तोफेतून झेपावणाऱ्या माणसांची कथा व्हर्नने १८६५ साली लिहिली. चंद्रावर मानवाचे पाऊल पडले ते १९६९ साली! भागवतांनी तिला 'चंद्रावर स्वारी' असे नाव दिले. धूमकेतूवरून होणाऱ्या प्रवासाच्या कथेला त्यांनी 'मुक्काम शेंडेनक्षत्र' म्हटले. परक्या देशातील पुस्तक, पण नाव वाचताच ते आपल्या आजीने सांगितल्यासारखे वाटते. 'समुद्र सैतान' ह्या पुस्तकात पाण्याखालून चालणारे कॅप्टन नेमोचे जहाज आहे. मार्व्याला जाण्यासाठी रोज तरीत बसणाऱ्या मनोरीच्या मुलांना समुद्र काही नवा नाही. परंतु त्याच समुद्राच्या पोटात शिरून वीस सहस्र कोस हिंडणे ही गोष्टच न्यारी. हा नेमो मूळचा बुंदेलखंडचा राजपुत्र असल्याचे व्हर्नने पुढच्या एका कादंबरीत सांगितले आहे.

परंतु भागवतांचे मोठे ऋण आहे ते निराळेच. त्या काळी मुलांच्या गोष्टींत राजपुत्र असत, राक्षस असत, चतुर कोल्हे असत. आणि इतिहासाच्या कथांत तलवारबहाद्दर सरदार असत. शाळेत जाणारा, गृहपाठाला कंटाळणारा मुलगा गोष्टीचा नायक म्हणून क्वचितच भेटे. भागवतांनी नेमका तोच उचलला. पुण्याजवळच्या फुरसुंगी गावचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकावयास येतो आणि आपल्या चपळाईने 'फास्टर फेणे' म्हणून नाव कमावतो. अंगात बळ बेताचे, पण डोके तल्लख, नजर चौफेर आणि पाय सदैव सायकलच्या पायट्यावर. काही सुचले की जिभेने 'ट्टॉक' असा आवाज काढण्याची त्याला खोड होती. मुलांनी ही खोड इतक्या आवडीने उचलली, की कित्येक वर्गांत शिक्षकांना ती बंद करताना नाकी नऊ आले असतील!

बन्या शूर आहे, पण तो एकटा नाही. शाळासोबती सुभाष देसाई आणि नात्यातली बहीण माली त्याच्या साहसांत वाटेकरी होतात. एकाला जे सुचत नाही ते दुसऱ्याला सुचते. १९२९ साली जर्मन लेखक एरिश केस्टनर ह्यांनी एमिल नावाच्या मुलाची कथा लिहिली. आगगाडीत त्याचे पैसे चोरीला जातात आणि बर्लिनची मुले चोराच्या पाठीस लागतात. त्यांत एका लहानग्याच्या वाट्याला केवळ टेलिफोनपाशी बसून राहण्याचे काम येते. बाकीचे चोराला पाहतात, धावतात. हा बिचारा मात्र जागचा हलत नाही. माझ्या मते त्या कथेतील खरा वीर तोच. भागवतांच्या कथा ह्याच कुळातल्या. त्यांनी निर्मिलेला बिपिन बुकलवार तर नावाप्रमाणेच पुस्तकवेडा. त्याची भिस्त बाहुबळापेक्षा वाचनावर अधिक.

फास्टर फेणेची सुमारे वीस पुस्तके झाली. बन्या काश्मीरला गेला, प्रतापगडावर चढला, विमानचोरांशी झुंजला. 'फास्टर फेणेचा रणरंग' ह्या कथेला तर १९६२ सालच्या चिनी आक्रमणाची पार्श्वभूमी आहे. देशावर जे संकट आले, ते मुलांपासून दडवून ठेवावे असे भागवतांना वाटले नाही. अशा पुस्तकांनी अभ्यास बुडतो, अशी पुष्कळ वडीलधाऱ्यांची तक्रार असे. पण जो मुलगा दिवा मालवेपर्यंत एखादे पुस्तक खाली ठेवीत नाही, तो पुढे जाडजूड ग्रंथांनाही भीत नाही, असा माझा शाळेतला अनुभव आहे.

१९८०च्या दशकात फास्टर फेणे दूरदर्शनच्या मालिकेत दिसला. २७ ऑक्टोबर २००१ रोजी भागवत निवर्तले. त्यानंतर २०१७ साली फास्टर फेणेवर मराठी चित्रपट निघाला. त्यात बन्या मोठा झालेला आहे. पुण्यात तो एका वृद्ध लेखकाच्या घरी उतरतो आणि त्या लेखकाचे नाव आहे भागवत. दिलीप प्रभावळकरांनी ती भूमिका केली.