नामचंद पवळा : कला, काम आणि सन्मान

पुणे-नाशिक रस्त्याने संगमनेर जवळ येऊ लागले की हिवरगाव पावसा हे गाव लागते. आज प्रवाशांना ते तेथील टोलनाक्यामुळे माहीत असते. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या गावाचे नाव मुंबईच्या गिरणगावातील कामगारांच्या तोंडी होते, आणि ते एका स्त्रीमुळे. तिचे नाव पवळा तबाजी भालेराव. तमाशाच्या जाहिरातींतून व रसिकांच्या बोलण्यातून ती नामचंद पवळा हिवरगावकर म्हणून ओळखली गेली. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री कलावंत असा मान तिला दिला जातो.

स्मरणिकेत आपण साधारणतः समाजसुधारकांची, शिक्षणमहर्षींची व लढवय्यांची चरित्रे वाचतो. त्या पंक्तीत पवळाबाईंचे चरित्र का, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उद्भवेल. तो प्रश्न आमच्याही मनात आला होता. जिच्या पेशाविषयी आपल्या समाजाने न्याय्य कारणांनी संताप धरला, त्या पेशातील स्त्रीला विद्यालयाच्या ग्रंथात स्थान द्यावे काय? पुष्कळ विचारान्ती आम्हांस असे वाटले की, पेशा नाकारणे आणि त्या पेशात ढकलल्या गेलेल्या माणसाला विसरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली आपण केली, ते योग्यच झाले. दुसरी नकळत घडली, आणि तिची भरपाई व्हावयास हवी.

पवळाबाईंचा जन्म 12 ऑगस्ट 1870 रोजी हिवरगाव पावसा येथे एका महार कुटुंबात झाला. आईचे नाव रेखाबाई. महारकी म्हणजे काय, हे आमच्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. गावाची राखण, सरकारी निरोप, मेलेली जनावरे ओढणे ही कामे, आणि मोबदला म्हणून बलुते व शिळी भाकरी. त्यात 1876 ते 1878 या वर्षांत दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. नगर जिल्ह्यास त्याची झळ तीव्रतेने लागली. त्या वेळी पवळाबाई सहा-सात वर्षांच्या होत्या. ज्या घराला शेत नाही, ज्याला विहिरीवर जाता येत नाही आणि ज्याच्या मुलाला शाळेच्या ओट्यावरही बसू दिले जात नाही, त्या घराच्या दृष्टीने दुष्काळ म्हणजे काय असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

घरच्यांनी या मुलीला खंडोबाला वाहिले. ती मुरळी झाली. मुरळीचे लग्न देवाशी लागते, म्हणून माणसाशी लागत नाही. नवऱ्याचे घर नाही, मुलांना बापाचे नाव नाही, आणि गावातील धनवंतांच्या नजरेपासून संरक्षणही नाही. ही रूढी धर्माच्या नावाने चालत असली तरी तिचा भार कोणत्या जातींच्या मुलींवर पडत असे, हे पाहिले म्हणजे तिचे खरे स्वरूप ध्यानी येते. तथापि या रूढीची आणखी एक बाजू आहे. ज्या मुलीला अक्षराची शाळा बंद होती, तिला जागरणाची शाळा तेवढी उघडी होती. रात्र-रात्र चालणाऱ्या जागरणात मुरळी गाते, नाचते, घाटी वाजवते, जमलेल्या मंडळींना खिळवून ठेवते. ताल, खडा आवाज, पाठांतर आणि प्रेक्षकांची नाडी ओळखण्याचे कसब हे सारे तेथे शिकायला मिळते. पवळाबाईंची कला कोणत्या मातीत रुजली, याचे उत्तर येथे आहे.

त्या काळचा तमाशा पुरुषांचा होता. फडाचा सरदार, ढोलकीवाला, तुणतुणेवाला, झीलकरी, सोंगाड्या हे तर पुरुष असतच, परंतु गौळण व लावणीतील स्त्रीही नाच्या पोऱ्याच साकारीत असे. अशा फडात पवळाबाई उभ्या राहिल्या. देखणे रूप, गोड व खणखणीत गळा, आणि नाचातील चपळाई यांमुळे त्यांचे नाव झपाट्याने पसरले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत त्यांची गाठ पठ्ठे बापूराव यांच्याशी पडली.

पठ्ठे बापूराव म्हणजे मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे. 1866 साली जन्मलेल्या या ब्राह्मण तरुणाने कुलकर्णीपण टाकले, घर सोडले, जात गमावली आणि आपले आयुष्य लावणीला वाहिले. बापूरावांची रचना आणि पवळाबाईंची अदाकारी यांचा मेळ बसला, तेव्हा मुंबईची नाटकगृहे गिरणीकामगारांनी भरून जाऊ लागली. कोकणातून व घाटावरून पोटासाठी आलेल्या त्या कामगारांना बारा-बारा तासांच्या श्रमानंतर आपल्या गावची बोली व ढोलकी ऐकावयास मिळत होती. ब्राह्मण शाहीर आणि महार नायिका एका फडात, एका संसारात, हे त्या काळच्या सनातनी समाजाला सोसणारे नव्हते. निंदा दोघांचीही झाली. बापूरावांचा त्याग खरा होता, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु त्यांच्यापाशी टाकून देण्यासारखे काहीतरी होते आणि ते त्यांनी स्वेच्छेने टाकले. पवळाबाईंना निवड करण्याचा प्रसंगच कधी आला नाही.

हा फरक नीट समजावा म्हणून त्याच काळातील इतर रंगभूमीकडे पाहू. 1905 साली किर्लोस्कर नाटक मंडळीत बालगंधर्व आले आणि त्यांनी साकारलेल्या नायिकांनी महाराष्ट्र वेडा झाला. त्यांच्या नेसण्याचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करू लागल्या. 1913 साली दादासाहेब फाळके यांनी राजा हरिश्चंद्र हा चित्रपट काढला. त्यातील तारामतीसाठी त्यांना स्त्री मिळेना, म्हणून ती भूमिका अण्णा साळुंके या तरुणाने केली. म्हणजे सिनेमावाल्यांना स्त्री कलावंत सापडत नव्हती, त्या वेळी पवळाबाई हजारोंच्या गर्दीपुढे गात-नाचत होत्या. स्त्रीचे सोंग घेणाऱ्या पुरुषाला शालजोडी मिळत होती, आणि स्त्रीपण घेऊन उभ्या राहिलेल्या स्त्रीच्या वाट्याला टवाळी येत होती. गुण दोन्हीकडे होते. कोणत्या दारातून कोणी आत यावयाचे, हे मात्र गुणांवरून ठरत नव्हते.

याहून जवळचे उदाहरण संगमनेरचेच आहे. अनंत फंदी हे पेशवाईतील नामवंत शाहीर संगमनेरचे. ते ब्राह्मण कुळातील. परंपरा असे सांगते की, अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशावरून त्यांनी तमाशाचा नाद सोडला आणि ते कीर्तनाकडे वळले. आपल्या जिल्ह्याला आज ज्या अहिल्यामातेचे नाव आहे, त्या याच जिल्ह्यातील चौंडीच्या कन्या. उपदेश हितकारक होता, आणि फंदींनी तो मानला. पण तो मानता आला, याचे कारण फडातून उतरल्यावर पाय ठेवण्यास त्यांच्यापुढे देवळाचा सभामंडप होता. पवळाबाईंनी बोर्ड सोडला असता तर कोणत्या देवळात त्यांना कीर्तनास उभे केले असते? देवळाची पायरी चढण्याचीही त्यांना मुभा नव्हती. त्यांच्यापुढे आत येण्याचा मार्ग एकच होता, आणि बाहेर पडण्याचा एकही नव्हता.

तमाशाचा धंदा बाहेरून झगमगीत दिसतो. आतील हिशेब निराळा असतो. पावसाळ्यात गावोगावचे खेळ बंद पडतात. मग यात्रा-जत्रांचा हंगाम येईपर्यंत उचल घेऊन दिवस काढावे लागतात, आणि उचल घेतली की माणूस फडाला बांधला जातो. सुपारी आली तर बिदागी, नाही तर उपास. एका फडाची दुसऱ्या फडाशी चढाओढ, आज हिचे नाव तर उद्या दुसरीचे. त्यात नाचणाऱ्या स्त्रीचे भांडवल म्हणजे तिचे शरीर व आवाज. वय वाढते तसे हे भांडवल आटते. शाहिराचे तसे नसते. लावणीच्या शेवटी तो आपली नाममुद्रा घालतो, आणि ती कागदावर उतरून त्याच्या पश्चात उरते. ज्या गळ्याने ती लावणी लोकांच्या काळजापर्यंत पोहोचविली, त्या गळ्याची मुद्रा तीत कोठेही नसते. पवळाबाईंच्या कीर्तीचे हेच झाले. पठ्ठे बापूरावांच्या लावण्यांचे संग्रह निघाले. पवळाबाई मात्र त्यांच्या चरित्रातील एक प्रकरण होऊन राहिल्या.

याच इतिहासात एक प्रसंग असा आहे, जो आपणा सर्वांना अंतर्मुख करतो. 1927 साली महाडचा सत्याग्रह झाला. त्या चळवळीच्या निधीसाठी पठ्ठे बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न देऊ केले. बाबासाहेबांनी ते स्वीकारले नाही. आमच्या स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा आमच्या मुक्तीसाठी नको, असा त्या नकाराचा आशय होता. चळवळीला पैशाची किती निकड होती, हे लक्षात घेतले म्हणजे या नकाराची उंची कळते. तो नकार एका व्यक्तीला दिलेला नव्हता. स्वाभिमान गहाण ठेवून स्वाभिमानाचा लढा लढता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ होता.

पुढे 1934 साली मुंबई प्रांतात मुलींना देवाला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा झाला. 16 जून 1936 रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, मुरळी, जोगतिणी अशा भगिनींपुढे भाषण केले आणि हे जिणे सोडून देण्याचे कळकळीचे आवाहन केले. मग पोट कसे भरावयाचे, हा प्रश्न निघणार हे त्यांनी जाणले होते. मार्ग अनेक आहेत, ते शोधावेत, पण हे जीवन सोडलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्या वेळी पवळाबाई 65 वर्षांच्या होत्या. ज्या रूढीने त्यांचे आयुष्य घडविले व मोडले, तिच्याविरुद्ध अखेर कायदा झाला आणि आपल्याच माणसाने आवाजही उठविला. पण तोवर त्यांचे आयुष्य मावळतीला लागले होते.

त्याच सुमारास आंबेडकरी जलसे उभे राहिले. 1931 च्या सुमारास नाशिकच्या बाजूने भीमराव कर्डक व त्यांचे सहकारी खेडोपाडी फिरू लागले. त्यांनी तमाशाचाच साचा घेतला, पण गण-गौळणीतील देवस्तुती व शृंगार काढून त्या जागी शिक्षण, स्वच्छता व हक्क यांचा विचार घातला. आपल्या कलावंतांनी आपल्या हाताने आपला बोर्ड प्रथम उभा केला तो हा. त्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु त्या बोर्डावर स्त्रिया नव्हत्या. नाचणाऱ्या स्त्रीविषयीच्या अपमानाची जखम ताजी असताना तसे घडणे स्वाभाविक होते. तरीही, जुन्या फडाने वापरलेल्या आणि नव्या जलशात जागा नसलेल्या स्त्रीने गळ्यातील गाणे घेऊन जावे कोठे, या प्रश्नाला त्या पिढीपाशी उत्तर नव्हते.

बापूराव व पवळाबाई यांची जोडी पुढे फुटली. फडाची घडी विस्कटली. बोलपट आला, गिरणगावाची करमणूक बदलली, नव्या नायिका आल्या. पवळाबाई आपल्या मुलखात, संगमनेरकडे परतल्या. अखेरचे दिवस हलाखीत गेले, आणि 1939 साली त्यांचे निधन झाले. बापूरावही डिसेंबर 1945 मध्ये पुण्यात विपन्नावस्थेतच वारले. ज्यांनी रात्रीमागून रात्री हजारोंना रिझविले, त्यांच्या उतारवयाची तरतूद कोणीही केली नव्हती.

ही कथा आम्ही या स्मरणिकेत का सांगितली, हे आता स्पष्ट व्हावे. आपल्या मुला-मुलींपैकी काहींना गाण्याची, अभिनयाची, नृत्याची, चित्रकलेची ओढ असते. आई-वडील घाबरतात. नोकरीचे काय, लोक काय म्हणतील, पोरगी बोर्डावर उभी राहणार काय, असे प्रश्न विचारतात. ही भीती पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. तिच्या मुळाशी पवळाबाईंसारख्या कित्येक स्त्रियांचे भोग आहेत. कलेच्या क्षेत्रात आजही काम सहज मिळत नाही, मिळाले तर टिकत नाही, आणि ओळखीची दारे अजून ओळखीच्यांनाच उघडतात. म्हणूनच धोका गाण्यात आहे की निरुपायात, हे पालकांनी नीट पारखावे. पवळाबाईंचा घात कलेने केला नाही. अक्षर नाही, जमीन नाही, कराराचा कागद नाही, दुसरा व्यवसाय नाही, आणि सोडून जाण्याची सोय नाही, या अवस्थेने तो केला.

तथागतांनी सम्यक् आजीविकेला अष्टांगिक मार्गात स्थान दिले. ज्या कामात स्वतःची वा दुसऱ्याची हानी नाही, ते काम सम्यक्, असे आपण शिकतो. त्याला आम्ही आमच्या अल्पमतीने एवढेच जोडू की, जे काम नाकारण्याचे सामर्थ्य करणाऱ्यापाशी असते, तेच काम सन्मानाने स्वीकारता येते. वसतिगृहातील मुलीला आपण पाटी-पुस्तक देतो, पदवीपर्यंत पोहोचवतो, हिशेब व कायदा शिकवतो, ते याच सामर्थ्यासाठी. मग तिने शिक्षिका व्हावे, परिचारिका व्हावे किंवा गायिका व्हावे. बोर्डावर जाणारा आणि बोर्डावरून उतरणारा, दोन्ही मार्ग तिच्या हाती असले म्हणजे झाले.

माजी विद्यार्थ्यांस आमची एक विनंती आहे. संगमनेरवरून जाताना हिवरगाव पावसा येथे क्षणभर थांबावे आणि सोबतच्या मुलांना सांगावे की, येथे एक मुलगी जन्मली होती. तिला शाळा मिळाली नाही. तरीही तिचे गाणे मुंबईपर्यंत पोहोचले. तिला शाळा मिळाली असती तर ती काय झाली असती, या प्रश्नाचे उत्तर मुलांनीच द्यावयाचे आहे.