खुर्ची बदलल्यावर

बँकेत उभी हयात गेल्यामुळे मला एक खोड लागली आहे. कुणाचंही चरित्र हाती आलं, की त्या माणसानं खुर्ची बदलल्यावर काय केलं ते मी आधी शोधतो.

अमेरिकेचे एडवर्ड मर्रो (जन्म १९०८) गरीब शेतकऱ्याच्या घरातले, लाकूडतोडीच्या छावण्यांत राबलेले. १९४० मध्ये बॉम्ब पडत असताना लंडनहून रेडिओवर बोलून ते घरोघरी पोहोचले. पुढे टेलिव्हिजन. सिनेटर मॅकार्थींच्या नावानं भलेभले चळचळा कापत होते, तेव्हा ९ मार्च १९५४ ला मर्रोंनी मॅकार्थींच्याच चित्रफिती दाखवून त्यांना उघडं पाडलं.

पण माझ्या मनात घर केलंय ते ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ या माहितीपटानं. तारीख २५ नोव्हेंबर १९६०. आदल्याच दिवशी अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या मेजवान्या झडल्या होत्या. ते अन्न पिकवणाऱ्या, गावोगाव भटकणाऱ्या शेतमजुरांची अर्धपोटी मुलं मर्रोंनी पडद्यावर आणली.

१९६१ मध्ये केनेडींनी त्यांना सरकारी माहिती खात्याचं प्रमुखपद दिलं. परदेशात देशाची प्रतिमा सांभाळणं हेच त्या खात्याचं काम. आणि याच मर्रोंनी बीबीसीला विनंती केली, की आपला तो माहितीपट दाखवू नका! बीबीसीनं दाखवलाच.

मला त्यांचा राग येत नाही. कारकून असताना शिपायांच्या ओव्हरटाइमबद्दल मी केलेला अर्ज, मॅनेजर झाल्यावर माझ्याच टेबलावर आला. मी तो फायलीच्या तळाशी सरकवला.

२७ एप्रिल १९६५ ला मर्रो फुप्फुसाच्या कर्करोगानं गेले. सत्तावन्नावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले होते.